एसी नीट आहे, तरी बेडरूम गार होत नाही आणि बिल दर उन्हाळ्यात फुगतं? आधी भिंतीला हात लावून बघा

मार्च संपत आला की ठाण्या-नवी मुंबईतल्या घरांतून एकच तक्रार ऐकू येते. एसी रात्री दहाला लावला, बारा वाजले तरी खोली गार होईना, म्हणून रिमोटवर २४ चे २० केले, २० चे १८ केले. पहाटे थंडीने जाग आली आणि महिन्याअखेरीस बिल बघून झोप उडाली. मग सर्व्हिसिंग होतं. त्याने भागलं नाही की ‘गॅस कमी आहे’ असं निदान होतं. गॅस भरूनही फरक पडला नाही की ‘खोलीला दीड टन कमी पडतोय, दोन टनाचा घ्या’ असा सल्ला येतो. पुढच्या एप्रिलमध्ये तक्रार तीच, फक्त मशीन मोठं.

मी घोडबंदर रोड, वर्तकनगर, ऐरोली, नेरूळ, खारघर या पट्ट्यात एसीची कामं करतो. दरवर्षी परत परत येणाऱ्या या तक्रारीत बहुतेक वेळा मशीन ठणठणीत निघतं. उष्णता घराच्या बांधणीतूनच आत येत असते: पश्चिमेची भिंत, आत घेतलेली बाल्कनी, शेवटच्या मजल्याचा स्लॅब, नाहीतर फटींतून शिरणारी दमट हवा. एसी बिचारा रात्रभर ती उपसत बसतो आणि त्याचे पैसे तुम्ही भरता. म्हणून नवा एसी घ्यायच्या आधी एक संध्याकाळ काढा आणि खालच्या गोष्टी स्वतः तपासा.

दोष मशीनचा की घराचा?

साधा डिजिटल थर्मामीटर घ्या. एसी लावून वीस मिनिटं झाली की आधी एसीच्या वरच्या बाजूला, जिथून तो हवा आत ओढतो तिथलं तापमान बघा. मग पात्यांतून बाहेर येणाऱ्या हवेचं बघा. दोन्हींत ८ ते १२ अंशांचा फरक असेल तर मशीन आपलं काम करतंय. हवा फारच दमट असेल तर फरक थोडा कमी दिसतो, त्याने घाबरू नका. पण फरक चार-पाच अंशांवरच अडकला असेल तर मात्र मशीनकडे बघायला हवं.

दुसरी तपासणी मीटरवर. आपल्या इलेक्ट्रॉनिक मीटरवर एक लाल दिवा लुकलुकत असतो आणि एका युनिटला तो किती वेळा लुकलुकतो ते मीटरवरच छापलेलं असतं. समजा ३२०० लिहिलंय. फ्रिज, गिझर, सगळं बंद करून फक्त एसी चालू ठेवा आणि एक मिनिटभर लुकलुक मोजा. ८० वेळा झाली तर एसी दीड किलोवॅट खेचतोय. २० वेळा झाली तर ०.४ किलोवॅटच्या आत. इन्व्हर्टर एसी सुरुवातीला जोरात चालणारच. खरा प्रश्न दोन तासांनंतरचा आहे. दारं-खिडक्या बंद, तापमान २५ वर, आणि तरीही दोन तासांनी दिवा तेवढ्याच वेगाने लुकलुकत असेल, तर खोलीत कुठूनतरी उष्णता येतच राहिलीय.

मशीन दोषी निघालं तर

जाळी धुवा. घोडबंदर रोडला मेट्रोच्या कामाची आणि वाहनांची इतकी धूळ आहे की तिथे दर पंधरा दिवसांनी धुतली तरच उपयोग. वाशी, नेरूळ, ऐरोलीच्या खाडीकाठच्या घरांत वेगळाच त्रास: खारट हवेने बाहेरच्या युनिटच्या ॲल्युमिनियमच्या पट्ट्या झिजतात, बोट लावलं तर भुगा पडतो. तिथे नवीन एसी घेताना कॉइलवर संरक्षक लेप आहे का हे विचारूनच घ्या.

गॅसबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण इथे लोकांचे पैसे सर्वांत जास्त जातात. एसीतला गॅस पेट्रोलसारखा खर्च होत नाही. तो बंद नळ्यांत फिरत राहतो. दरवर्षी भरावा लागत असेल तर तो गळतोय, आणि गळती न शोधता वरून गॅस भरणं म्हणजे पुढच्या वर्षीचीही भरती आजच ठरवून ठेवणं. तांब्याच्या नळीच्या जोडनटाजवळ तेलकट डाग दिसतोय का बघा. गॅसबरोबर तेलही बाहेर येतं. कारागिराला सांगा की नायट्रोजनचा दाब देऊन साबणाच्या पाण्याने गळती दाखव, मग व्हॅक्यूम कर, म्हणजे नळ्यांतली हवा पूर्ण काढ, आणि गॅस वजन करून भर. किती ग्रॅम भरायचा ते युनिटच्या पट्टीवर छापलेलं असतं. आताच्या बहुतेक घरगुती एसीत आर ३२ नावाचा गॅस असतो. इन्व्हर्टर मशीनमध्ये नुसता दाब किंवा अँपिअर बघून अंदाजे भरलेला गॅस कधीच नेमका बसत नाही.

बाहेरचं युनिट कुठे ठेवलंय हेही बघा. नव्या टॉवरमध्ये बिल्डर अरुंद डक्टमध्ये एकाखाली एक कट्टे काढतो. खालच्या घराची गरम हवा वर येते आणि तुमचं युनिट तीच ओढतं. काही घरांत ते ड्राय बाल्कनीत असतं, समोर वाळत घातलेले कपडे आणि बाहेरून सरकती काच. युनिटच्या मागच्या बाजूला थर्मामीटर धरा. तिथलं तापमान बाहेरच्या हवेपेक्षा दर अंशाने जास्त असेल तसा वीजखर्च साधारण दोन-तीन टक्क्यांनी वाढतो. दहा अंश जास्त असेल तर एसीचं बिल जवळपास पावपट वाढलं. काच उघडी ठेवणं, कपडे हलवणं, गरम हवा बाहेर फेकणारी पन्हळ बसवणं, एवढ्याने फरक पडतो. आणि एक कळकळीची विनंती: बाराव्या-चौदाव्या मजल्याच्या कट्ट्यावर उतरणाऱ्या मुलाला सेफ्टी बेल्टशिवाय उतरू देऊ नका. तो ‘काही होत नाही’ म्हणाला तरी नाही.

घर दोषी निघालं तर: रात्री नऊची तपासणी

कासारवडवलीच्या एका टॉवरमध्ये एका काकूंकडे गेलो होतो. दीड टनाचा फाइव्ह स्टार एसी, नुकताच सर्व्हिस केलेला, फुंकर बर्फासारखी. मी त्यांना पलंगामागच्या भिंतीला तळवा लावायला सांगितला. हात झटकन मागे घेत त्या म्हणाल्या, “अरे, ही एवढी गरम कशी? ऊन तर केव्हाच गेलं!” इन्फ्रारेड थर्मामीटरने भिंत ३८ अंशांच्या आसपास दाखवली. शेजारची, पॅसेजकडची भिंत ३० दाखवत होती. तिथेच निदान झालं.

भिंत गरम असण्याचं कारण बांधकामात आहे. गेल्या काही वर्षांत इथले बरेचसे उंच टॉवर मायवान पद्धतीने उभे राहिलेत: ॲल्युमिनियमच्या साच्यात स्लॅब आणि भिंती एकत्र ओतायच्या. काम झपाट्याने होतं, सांधे कमी राहतात. पण बाहेरची भिंत सगळी सहा इंची आरसीसीची होते. तेवढ्याच जाडीच्या सिपोरेक्सच्या (हलक्या, सच्छिद्र सिमेंट ब्लॉकच्या) भिंतीपेक्षा तिच्यातून साधारण तीन-चार पट उष्णता आत येते. शिवाय ती उशिरा येते. चार-पाच वाजताचं ऊन भिंतीतून आत पोचायला सुमारे चार तास लागतात. म्हणजे तुम्ही जेवून एसी लावता नेमक्या त्याच वेळी भिंत आतून सर्वांत तापलेली असते, गॅस बंद केल्यावरही चटका देणाऱ्या तव्यासारखी. खोलीतली हवा २५ अंश झाली तरी अंगाला भिंतीची धग लागत राहते, म्हणून माणूस रिमोट दाबून १८ वर जातो. १८ केल्याने भिंत लवकर गार होत नाही.

कुठली बाजू तापते याचा हिशेबही समजून घ्या. ठाणं साधारण १९ अंश उत्तर अक्षांशावर आहे. मेच्या मध्याला आणि जुलैच्या शेवटच्या आठवड्यात इथे भर दुपारी सूर्य थेट डोक्यावर असतो; शून्य सावलीचे दिवस ते हेच. म्हणून एप्रिल-मेमध्ये दक्षिणेच्या भिंतीला ऊन जवळपास लागतच नाही. मार बसतो तो गच्चीला आणि पूर्व-पश्चिमेला. पूर्वेची भिंत रात्रीपर्यंत निवते, पश्चिमेची निवत नाही. येऊरच्या पायथ्याशी पश्चिमेला डोंगर असलेल्या इमारतींना ऊन थोडं आधी सोडतं, तेवढीच सुटका.

आत घेतलेली बाल्कनी

हा माझ्या मते सर्वांत मोठा आणि सर्वांत दुर्लक्षित मुद्दा आहे. हॉल चार फूट मोठा दिसावा म्हणून बाल्कनी किंवा फ्लॉवर बेड आत घेतला, कडेला जमिनीपासून छतापर्यंत सरकत्या काचा लावल्या. जागा वाढली, सावली गेली.

मे महिन्यात दुपारी चारच्या सुमारास पश्चिमेच्या उभ्या काचेवर दर चौरस मीटरला पाचशे-सहाशे वॅट ऊन पडतं. साधी काच त्यातलं बहुतेक आत सोडते. सहा बाय सात फुटांची फ्रेंच विंडो धरली तर जवळपास पावणेदोन-दोन किलोवॅट. एक टन म्हणजे साडेतीन किलोवॅट गारवा. म्हणजे त्या एका काचेसाठी अर्धा टन एसी नुसता खर्ची पडतो. आतला पडदा कितीही जाड असला तरी ऊन काच ओलांडून आत आलेलं असतं. पडदा तापतो आणि ती उष्णता खोलीतच राहते.

चार फूट खोल उघडी बाल्कनी काय करते बघा. मेमध्ये दुपारी तीनला ती मागच्या भिंतीवर जवळपास सहा फूट सावली पाडते. पाचला मात्र जेमतेम दोन फूट, कारण सूर्य खाली आलेला असतो. दीड फुटी छज्जा तर पश्चिमेला संध्याकाळी असून नसल्यासारखा. त्यामुळे पश्चिमेला आडवी सावली पुरत नाही, उभा आडोसाही लागतो: बांबूची चिक, शेड नेट, नाहीतर बाहेरून खाली सरकणारा कापडी पडदा. बाल्कनी उघडी असेल तर हे सगळं ग्रिलच्या आत, तुमच्या हद्दीत बसतं.

हे आपल्या भागाला नवीन नाही. चार्ल्स कोरिया १९७० ते ७५ सिडकोचे मुख्य वास्तुरचनाकार होते. मुंबईत कंबाला हिलला त्यांची ‘कांचनजंगा’ इमारत १९८३ साली पूर्ण झाली. वारा पश्चिमेकडून येतो, आणि ऊन-पाऊसही तिकडूनच, हा पेच त्यांनी जुन्या बंगल्यांच्या व्हरांड्यासारख्या खोल, दोन मजली उंचीच्या गच्च्या कोपऱ्यांना ठेवून सोडवला. राहत्या खोल्या त्या सावलीच्या आड. आपण मात्र तोच व्हरांडा काच लावून बंद करतो आणि मग त्याच्यासाठी एसी विकत घेतो.

बाल्कनी परत उघडणं शक्य नसेल तर काचेला सन कंट्रोल फिल्म लावा. काळी-निळी रंगछटा बघून निवडू नका. किती टक्के सौर उष्णता अडवते हा आकडा विचारा. फिल्मने काच स्वतः तापते, म्हणून जुनी, चिरलेली किंवा कडा फुटलेली काच आधी बदला.

शेवटचा मजला

स्लॅब तपासायला स्टुलावर चढून छताला हात लावा. बीईई म्हणजे केंद्र सरकारची ऊर्जा बचतीचं काम बघणारी संस्था. तिच्या २०१८ च्या ‘इको निवास संहिते’त, म्हणजे घरांसाठीच्या ऊर्जा नियमावलीत, छतासाठी मर्यादा आहे: दर चौरस मीटरमागे, आत-बाहेरच्या दर अंश फरकाला १.२ वॅट. आपल्याकडच्या ब्रिकबॅट कोबा (विटांच्या तुकड्यांचा थर) घातलेल्या साध्या स्लॅबमधून याच्या दुप्पट उष्णता येते. खालून पीओपीचं सिलिंग केलं तर थोडा आडोसा मिळतो, पण मध्ये इन्सुलेशन नसेल तर स्लॅबची उष्णता त्या पोकळीत साठून हळूहळू खाली येतेच. उपाय वरून करायला हवा. पांढऱ्या चायना मोझेकची गच्ची, किंवा ऊन परतवणारं पांढरं कोटिंग. दोन्ही धुळीने काळवंडतात, म्हणून उन्हाळ्यात एक-दोनदा धुवावी लागतात.

पावसाळ्यासाठी गच्चीवर पत्र्याची शेड असेल आणि ती चारही बाजूंनी उघडी असेल तर स्लॅबवर ऊन पडतच नाही, हा मोठाच फायदा. तीच शेड बाजूंनी बंद केली की गरम हवा कोंडते. सोलर पॅनेलही स्लॅबवर सावली धरतात. २०२४ पासूनच्या पीएम सूर्यघर योजनेत सोसायट्यांना सामायिक वापरासाठी किलोवॅटमागे १८,००० रुपये अनुदान आहे. लिफ्ट आणि पंपाचं बिल उतरतं आणि शेवटच्या मजल्यावरच्या घरांना सावलीही मिळते.

भिंत गार, तरी एसी थांबत नाही?

मग हवा शोधा. कोकणपट्टीत एसीचं निम्मं ओझं ऊन नसून पाणी असतं, असं वाटावं इतकी दमट हवा. एक लिटर पाणी हवेतून काढायला एसीला सुमारे ०.६८ युनिटएवढी उष्णता उपसावी लागते, म्हणजे विजेचं साधारण ०.२ युनिट.

तपासणी सोपी आहे. एसीच्या ड्रेन पाइपखाली लिटरची बाटली ठेवा. पहिल्या तासात ती भरली तर नवल नाही. कपडे, गाद्या, भिंती सगळ्यांतला दमटपणा निघतो. पण मध्यरात्री, दोन माणसं झोपलेली असताना, तासाला शंभर-दोनशे मिलीलिटरच्या वर पाणी पडायला नको. माणसागणिक तासाला पन्नास मिलीच्या आसपासच वाफ हवेत जाते. तेव्हाही अर्धा-एक लिटर पडत असेल तर बाहेरची हवा आत येतेय.

बहुतेकदा चोर तीनच. अटॅच्ड टॉयलेटचा एक्झॉस्ट फॅन रात्रभर चालू असतो आणि जेवढी हवा बाहेर फेकतो तेवढी दमट हवा खिडकीतून ओढून घेतो. एसीची नळी बाहेर काढायला पाडलेलं भोक नुसत्या पांढऱ्या टोपीने झाकलेलं असतं. सरकत्या खिडकीच्या पट्टीतले ब्रशसारखे केस झिजलेले असतात, तिथे कागद सहज आत जातो. तिन्हींचा खर्च मिळून एका गॅस भरणीपेक्षा कमी. एसीच्या खोलीत कपडे वाळत घालू नका, हेही यातच आलं.

आणि म्हणूनच मोठा एसी हा इथे उपाय होत नाही. दोन टनाचा एसी छोट्या खोलीची हवा झटकन गार करून मंदावतो, दमटपणा काढायला त्याला वेळच मिळत नाही. खोली थंड आणि चिकट, दोन्ही होते. माणूस पुन्हा रिमोट खाली करतो.

बिलात हे कसं दिसतं

महावितरणचे घरगुती दर टप्प्याने चढतात: १००, ३०० आणि ५०० युनिटांवर पायऱ्या आहेत. समजा एसीशिवाय घराचे १८० युनिट होतात. एसी आठ तासांत सरासरी अर्धा किलोवॅट घेत असेल तर महिन्याचे १२० युनिट, एकूण बरोबर ३००. भिंत तापलेली असल्याने तोच एसी सरासरी १.१ किलोवॅट घेऊ लागला तर २६४ युनिट, एकूण ४४४. जास्तीचे सगळे १४४ युनिट वरच्या, महाग टप्प्यात पडले आणि त्यावर १६ टक्के वीज शुल्क. ‘वापर थोडाच वाढला, बिल एवढं कसं?’ याचं उत्तर इथे आहे.

स्टार लेबलवरचा वार्षिक युनिटांचा आकडा १,६०० तासांच्या वापरावर, ठरवून दिलेल्या स्थितीत काढलेला असतो. त्यात तुमची पश्चिमेची भिंत धरलेली नाही. २०२० पासून स्टार लेबलचे घरगुती एसी सुरू होताना २४ अंशांवरच सुरू होतात. दर वाढवलेल्या अंशामागे सुमारे सहा टक्के वीज वाचते असं बीईई सांगते. २७ वर ठेवून पंखा लावला तर बहुतेकांना तेवढंच बरं वाटतं. कमी वीज खाणाऱ्या मोटरचा बीएलडीसी पंखा तीसेक वॅटवर चालतो.

काय आधी करायचं

माझा क्रम असा असतो: फटी, मग बाहेरची सावली, मग भिंत, आणि नवं मशीन सगळ्यांत शेवटी. एसी लावायच्या आधी पंधरा मिनिटं खिडक्या उघडा आणि कोंडलेली गरम हवा जाऊ द्या. खाडीकडून संध्याकाळी वारा असतोच. पश्चिमेच्या आरसीसी भिंतीला पलंगाचा माथा लावू नका. तिथे पूर्ण उंचीचं वॉर्डरोब आलं तर आयतं इन्सुलेशन मिळतं. मागे दोन इंच मोकळी जागा ठेवा, नाहीतर पावसाळ्यात बुरशी येते. खर्च करायची तयारी असेल तर त्या भिंतीला आतून दोन इंची इन्सुलेशन बोर्ड आणि वर जिप्सम. कासारवडवलीच्या काकूंनी पलंग फिरवला, बाहेर चिक लावली, एक्झॉस्टला टायमर बसवला. एसी तोच आहे, आता २६ वर चालतो.

बाकीची कामं सोसायटीची आहेत. इमारतीचा बाहेरचा रंग निघेल तेव्हा पश्चिमेला फिकाच रंग धरा. गडद राखाडी भिंत ऊन सत्तर-ऐंशी टक्के पिते, पांढरी वीस-तीस. चिकबद्दल ‘एलिव्हेशन बिघडतं’ ही हरकत हमखास येते. तेव्हा एकट्याने अर्ज न करता पश्चिमेच्या सगळ्या घरांनी मिळून करा, सर्वांना एकच रंग आणि एकच माप लिहून द्या, म्हणजे कमिटीला नाही म्हणायला कारण उरत नाही. गच्चीच्या कोटिंगला कोरडा, स्वच्छ पृष्ठभाग लागतो. त्याचा ठराव जानेवारी-फेब्रुवारीच्या मीटिंगमध्येच मांडा आणि काम मार्चमध्ये उरका. मेमध्ये कारागीर मिळत नाहीत आणि जूनमध्ये पाऊस येतो.